वीज नुसती पडत नाही, पसरते : माणसं, घर आणि डीपी सांभाळण्याची पायरीवार तयारी

ऑक्टोबर महिना होता. सोयाबीन कापून ढीग लागलेले, मळणीयंत्राची वाट बघत. दुपारी तीनच्या सुमारास मावळतीकडून आभाळ भरून आलं आणि बांधावरच्या लिंबाखाली शेळ्या गोळा झाल्या. पाऊस सुरू व्हायच्या आधीच एकदा जोरात कडाडलं. सगळं निवल्यावर आम्ही तिकडे गेलो. लिंबाच्या सालीचा बोटभर रुंदीचा पट्टा शेंड्यापासून बुडापर्यंत सोलला गेला होता. झाडाला झालेली इजा एवढीच. खाली अकरा शेळ्या मरून पडल्या होत्या, आणि एकीच्याही अंगावर भाजल्याची खूण दिसत नव्हती. राखणारा मुलगा रस्त्यावर उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसला होता, म्हणून वाचला.

मी तेव्हा वीज उपकेंद्रात यंत्रचालक होतो. अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं साधन), अर्थिंग (जमिनीशी जोडणी), फीडर (गावांकडे जाणारी लाइन) ट्रिप होणं हे रोजचं काम. तरी ‘वीज झाडावर पडली, मग शेळ्या कशा मेल्या?’ असं त्या मुलाच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. उत्तर माझ्या पायाखालीच होतं. उपकेंद्राच्या यार्डात सगळीकडे खडी पसरलेली असते. ती चिखल होऊ नये एवढ्यासाठीच नसते. बिघाडाच्या वेळी जमिनीत शिरलेला करंट माणसाच्या एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरू नये, म्हणून पायाखाली तो अडवणारा थर टाकलेला असतो. लिंबाखाली खडी नव्हती. ओली माती होती आणि शेळ्यांना चार पाय होते.

विजेपासून जपायचं म्हणजे डोक्यावर काहीतरी असलं की झालं, असं नव्याने शेतावर राहायला आलेल्या बहुतेकांना वाटतं. आपण ‘वीज पडली’ असं म्हणतो, त्यामुळे लक्ष वर जातं. पण ती जमिनीला टेकल्यावर कुठे कुठे पसरते हे कळलं, तर पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात. म्हणून आधी थोडं शास्त्र, मग पायऱ्या.

ढगात काय घडतं

वळवाचा किंवा परतीचा पाऊस आणणारा ढग उंच वाढतो, कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जातो आणि त्याचा माथा कित्येकदा दहा-बारा किलोमीटरच्या वर पोचतो. ढगाच्या मधल्या भागात तापमान शून्याखाली १० ते २० अंश असतं. तिथे तीन गोष्टी एकत्र असतात : हलके हिमकण, जरा जड आणि मऊ असे गारेचे कण, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब. वर चढणाऱ्या वाऱ्यात हे कण एकमेकांवर आपटतात. आपटताना हलक्या हिमकणांवर धन भार राहतो आणि ते वर जातात, गारेच्या कणांवर ऋण भार येतो आणि ते खाली राहतात. अशा रीतीने ढगाच्या खालच्या बाजूला ऋण भार साचत जातो आणि त्याच्या ओढीने खालच्या जमिनीवर धन भार गोळा होतो.

मधली हवा हा ताण एका मर्यादेपर्यंतच सोसते. मग ढगातून एक अंधूक वाट खाली निघते. ती सरळ येत नाही, सुमारे ५० मीटरच्या टप्प्याटप्प्याने, दर वेळी क्षणभर थांबून, फाटे फोडत येते. ती जमिनीजवळ आली की जमिनीवरच्या उंच आणि टोकदार गोष्टींमधूनही ठिणग्या वर झेपावू लागतात. झाडाचा शेंडा, मंदिराचा कळस, विजेचा खांब, मोकळ्या रानात उभा असलेला माणूस, या सगळ्यांमधून. यातली जी ठिणगी वरून येणाऱ्या वाटेला आधी भिडेल, तिथे वाट पुरी होते आणि खरा प्रवाह सुरू होतो. डोळ्यांना दिसणारा लखलखाट हाच. तो साधारण ३०,००० अँपिअरचा असतो, आपल्या घराचा मेन एमसीबी ३२ किंवा ४० अँपिअरचा असतो. वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती एका झटक्यात फुगते, त्याचाच आवाज म्हणजे गडगडाट. त्याच वाटेने पाठोपाठ तीन-चार प्रवाह जातात, म्हणून वीज लुकलुकल्यासारखी दिसते.

यातून दोन समजुती लगेच निकालात निघतात. पायाळू माणसावर वीज पडते, असं आपल्याकडे अजून म्हणतात. आईच्या पोटातून कोण कसं बाहेर आलं याचा त्या ५० मीटरच्या टप्प्याशी काहीही संबंध नाही. पायाळू मुलाला पावसात आत बोलावून बाकीच्यांना काम करू देणारी घरं मी पाहिली आहेत. बाकीच्यांनाही आत बोलवा. दुसरी समजूत मोबाइलची. मोबाइल, विळा, चांदीची साखळी यांच्यामुळे वीज खेचली जात नाही. उंची, एकटेपणा आणि टोकदार आकार या तीन गोष्टी महत्त्वाच्या. विळा हातात असल्याने धोका वाढत नाही, पण तुम्ही मोकळ्या वावरात उभे असाल तर विळा टाकून दिल्याने तो कमीही होत नाही.

जमिनीवर काय घडतं

आता शेळ्यांकडे. झाडाच्या बुडाशी ३०,००० अँपिअर जमिनीत शिरले, की ते पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखे चहूकडे पसरतात. बुडाजवळ व्होल्टेज प्रचंड, लांब जाल तसं कमी. साध्या ओलसर शेतजमिनीचा हिशेब केला, तर झाडापासून १० मीटरवर दर मीटरला सुमारे ४,८०० व्होल्टचा फरक निघतो. ३० मीटरवर तोच फरक पाचशेच्या आसपास येतो. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत आकडे आणखी चढतात.

गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर असतं. म्हणजे १० मीटरवर तिच्या अंगावर सात हजार व्होल्ट, आणि प्रवाहाची वाट थेट काळजातून. माणूस पाय जुळवून उभा असेल तर हाच आकडा हजाराच्या खाली येतो. जनावरं एकाच वेळी इतकी का दगावतात, याचं कारण एवढंच आहे. माणसांच्या बाबतीतही डोक्यावर थेट वीज पडून होणारे अपघात थोडे, शंभरात तीन ते पाच. निम्म्याच्या आसपास अपघात जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाचे, आणि साधारण एक तृतीयांश झाडावरून किंवा खांबावरून बाजूच्या माणसावर उडी मारलेल्या विजेचे. झाडापेक्षा माणसाच्या शरीरातून वाहणं सोपं असतं, म्हणून खोडाला टेकून बसलेल्यावर ती उडी घेते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद आहे. एवढ्या मोठ्या आकड्यातली बहुतेक माणसं शेतात, रानात, उघड्यावर काम करणारी असतात.

पहिली पायरी : वेळेवर ओळखा

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे मोफत अ‍ॅप तयार केलं आहे. कुठे वीज पडली हे टिपणारी यंत्रं देशभर बसवलेली आहेत, त्यांच्या नोंदींवरून तुमच्या जागेच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील तर ते इशारा देतं. लोकेशन चालू ठेवावं लागतं, नाहीतर उपयोग नाही. हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांसाठीचा जिल्हावार इशाराही बघत जा. मजूर घेऊन शेतात जाणाऱ्या माणसाने तरी सकाळी निघताना हे बघायलाच हवं, कारण थांबायचं की घरी जायचं हा निर्णय त्याच्या हातात असतो. रोजंदारीवर आलेली बाई स्वतःहून काम सोडून जात नाही.

रेंज नसेल तर कान आहेतच. लखलखाट दिसला की आकडे मोजायला लागा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. एवढ्या अंतरावर पाऊस नसतो, कित्येकदा डोक्यावर ऊन असतं. ढगाच्या कडेपासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, निरभ्र आभाळाखाली वीज पडल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून ‘पाऊस सुरू झाला की निघू’ हा हिशेब चुकतो. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून घाईने ताडपत्री टाकायला धावलेली माणसं सापडतात.

दुसरी पायरी : कुठे जायचं

सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे पक्कं, वीज-पाण्याची जोडणी असलेलं घर, शाळा, ग्रामपंचायत, सोसायटीची इमारत. त्यानंतर पत्र्याचं पूर्ण बंद वाहन : एसटी, जीप, कार. काचा वर करून मध्ये बसा, दाराच्या पत्र्याला हात लावू नका. इथे रबरी टायरमुळे वाचतो असं बहुतेक जण सांगतात, ते खरं नाही. ढगापासून काही किलोमीटर हवा फोडत आलेल्या विजेला टायरचा वीतभर रबर अडवू शकत नाही. वाचवतो तो चारी बाजूंचा पत्रा : वीज बाहेरूनच पत्र्यावर पसरते आणि जमिनीत जाते. म्हणूनच ट्रॅक्टर, मोटरसायकल, उघडी ट्रॉली, बैलगाडी यांचा काही उपयोग नाही, टायर असले तरी.

आता सुरक्षित वाटणारी पण नसलेली ठिकाणं. शेतातलं खोपट. चार लाकडी डांबांवर टाकलेला पत्रा. रानातल्या म्हसोबाच्या उघड्या देवळीचा आडोसा. बसथांब्याची शेड. घराची ओसरी आणि दाराचा उंबरा. इथे पावसापासून आडोसा मिळतो, विजेपासून नाही. पत्र्यावर पडलेली वीज डांबाच्या जवळ बसलेल्या माणसावर उडी घेते. विहिरीवरची मोटार, स्टार्टरची पेटी, तारेचं कुंपण, ठिबकच्या मुख्य पाइपजवळचं लोखंडी फिल्टर, यांच्यापासून लांब राहा. कुंपणाच्या तारेवर अर्धा किलोमीटर लांब पडलेली वीज तुमच्या हातापर्यंत येऊ शकते. जनावरं कुंपणाला बांधू नका, झाडाखाली तर नकोच. आभाळ भरताना दावं सोडून गोठ्यात आणायला वेळ नसेल, तर मोकळं सोडलेलं बरं.

कोकणात लावणीच्या दिवसांत माणसं घोटाभर पाण्यात वाकून उभी असतात. पाण्यातून बाहेर या, बांधावर उभे राहू नका, घराकडे चला. नदीत, तळ्यात, शेततळ्याच्या काठावर असाल तरी तसंच.

काहीच जवळ नसेल तर? मन घट्ट करून सांगायला हवं की मोकळ्या रानात सुरक्षित अशी जागा नसते, फक्त कमी धोक्याची असते. एकट्या उंच झाडापासून, खांबापासून, टेकडीच्या माथ्यापासून दूर, सखल पण पाणी न साचलेल्या भागात जा. सारख्या उंचीची दाट झुडपं एकट्या झाडापेक्षा बरी. घोळका करू नका. एकमेकांत दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा, म्हणजे वीज जवळ पडली तरी सगळे एकदम आडवे होत नाहीत आणि मदतीला कोणीतरी उरतं. अंगावरचे केस ताठ होऊ लागले, कातडीला मुंग्या आल्या, तर वीज पडायच्या बेतात आहे. लगेच टाचा जुळवून उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत, कान झाकलेले. हात जमिनीला टेकवू नका आणि आडवे तर मुळीच पडू नका, जमिनीवर जितकं जास्त अंतर व्यापाल तितकं जास्त व्होल्टेज अंगावर येईल. हा अगदी नाइलाजाचा उपाय आहे, धावत घर गाठता येत असेल तर घरच गाठा.

तिसरी पायरी : माणूस कोसळला तर

आभाळातल्या विजेचा झटका बसलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. घरातल्या लाइटचा शॉक बसून तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे आधी पुरवठा बंद करावा लागतो. या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि सुरुवातीची मोलाची मिनिटं त्याला हात न लावता उभं राहण्यात जातात.

विजेने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा काळीज आणि श्वास एकदम थांबल्याने. काळीज कित्येकदा आपणहून पुन्हा सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र बंदच राहतं, आणि हवा न मिळाल्याने काळीज दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि श्वास थांबला असेल तर दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, दोन्ही तळवे एकावर एक, हात सरळ, पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दमलात तर माणूस बदला.

एकाच वेळी चार-पाच जण पडले असतील तर जो निपचित आहे, मेल्यासारखा दिसतो, त्याच्याकडे आधी जा. विव्हळणारा, बोलणारा माणूस श्वास घेतो आहे, तो बहुधा वाचणार आहे. इतर अपघातांत आपण याच्या उलट करतो, म्हणून हे आधीच डोक्यात पक्कं असावं. अंगावर फर्नच्या पानासारखी तांबूस नक्षी उमटली असेल तर घाबरू नका, ती विजेचीच खूण असते आणि काही तासांत जाते. उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात नेऊन काळजाचा आलेख (ईसीजी) काढून घ्या. देशाच्या काही भागांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. ज्या वेळात श्वास देऊन माणूस परत आणता आला असता, तो वेळ त्यात जातो.

चौथी पायरी : घर

१७५३ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान नावाच्या शास्त्रज्ञाने छपरावर सळई उभी करून तिची तार मोजमापासाठी खोलीत आणली होती. सळई जमिनीला जोडलेली नव्हती. वादळात त्या तारेतून विजेचा गोळा त्याच्या कपाळावर आला आणि तो जागीच गेला. नुसती सळई उभारणं म्हणजे विजेला घरात यायचं निमंत्रण देणं. तिला जमिनीपर्यंत नेणारी वाट करून दिली, तरच ती रक्षण करते.

गावाकडे छपरावर वीज अटकाव यंत्रणा बसवायची असेल तर चार गोष्टी बघा. सळईचं टोक घराच्या, टाकीच्या, सोलर पॅनेलच्या वर असावं. खाली जाणाऱ्या पट्ट्या एकीऐवजी दोन असाव्यात, घराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून. २५ बाय ३ मिलिमीटरची पट्टी पुरते. पट्टीला काटकोनात वळवू नका, गुंडाळी करू नका. विजेचा प्रवाह इतक्या झपाट्याने वाढतो की तीव्र वळणावर ती पट्टी सोडून भिंतीतून जाते. आणि अर्थिंगचा रोध, म्हणजे प्रवाह जमिनीत शिरताना होणारा अडथळा, १० ओहमच्या आत असल्याचं मोजून घ्या, कंत्राटदाराच्या शब्दावर सोडू नका. एकच यंत्र बसवून शंभर मीटरपेक्षा जास्त परिघाचं रक्षण होतं, असं सांगणारे विक्रेते भेटतील. आपल्याकडे लागू असलेलं आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक रक्षणाचा परिघ सळईच्या प्रत्यक्ष उंची-लांबीवरूनच मोजतं. माझा सल्ला मानकाप्रमाणे काम करणाऱ्याला बोलवा, असाच आहे.

आता एक गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण इथे जुने इलेक्ट्रिशियनही चुकतात. ३०,००० अँपिअर १० ओहमच्या अर्थिंगमधून गेले तर त्या अर्थिंगचं व्होल्टेज क्षणभर तीन लाखांवर जातं. अर्थिंग चांगलं असूनही. मग घर वाचतं कसं? तारेवर बसलेला पक्षी वाचतो तसं. घरातलं सगळंच, म्हणजे मीटरचं अर्थिंग, पाण्याचे लोखंडी पाइप, स्लॅबची सळई, टाकीचा स्टँड, एकदम तीन लाखांवर गेलं, तर त्यांच्यात आपसात फरक उरत नाही आणि ठिणगी उडत नाही. पण छपराच्या सळईचं अर्थिंग वेगळं आणि मीटरचं वेगळं ठेवलं, तर एक तीन लाखांवर आणि दुसरं शून्यावर, आणि या दोघांच्या मध्ये तुमचा टीव्ही. म्हणून अर्थिंगचे खड्डे दोन किंवा तीन करा, पण जमिनीखालून पट्टीने एकमेकांना जोडा. ‘विजेचं अर्थिंग वेगळंच ठेवायचं’ हा सल्ला मानू नका.

बाहेरून घरात येणाऱ्या तारांचा प्रश्न मग राहतोच : सर्व्हिस वायर, डिशची केबल, विहिरीकडे गेलेली मोटारीची केबल, सोलरच्या तारा. त्यांना आपण अर्थिंगला थेट जोडू शकत नाही. हे काम एसपीडी करतो. मेन बोर्डात बसणारी ही लहानशी डबी आहे. साध्या व्होल्टेजला ती स्वस्थ असते, झटका आला की तेवढ्या क्षणापुरती तार आणि अर्थिंग जोडते आणि पुन्हा सुटी होते. साध्या घराला टाइप २ चा, छपरावर सळई असेल तर टाइप १ व २ एकत्र असलेला, आणि सोलर असेल तर डीसी (पॅनेलकडच्या) बाजूला त्याचा वेगळा एसपीडी लागतो. जोडणाऱ्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. लांब तारेवर इतकं व्होल्टेज साचतं की एसपीडी असून नसल्यासारखा होतो. डबीवरची हिरवी खिडकी लाल झाली की ती बदलायची.

एमसीबी विजेपासून वाचवत नाही. त्याला उघडायला हजारांश सेकंद लागतात, विजेचा झटका लाखांश सेकंदांत येऊन गेलेला असतो. स्पाइक बोर्डवरही विसंबू नका. आभाळ गडगडायला लागायच्या आधी टीव्ही, फ्रिज, वायफायचा प्लग उपसा आणि डिशची केबल सोडा. बटण बंद करणं पुरेसं नाही, आतली मिलिमीटरभर फट तो झटका ओलांडतो. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र प्लगला हात लावू नका, तेव्हा ते उपकरण गेलं तरी चालेल. नळाखाली भांडी, आंघोळ, चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलणं, हे सगळं अर्ध्या तासाने. न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही.

सौर कृषिपंपाच्या संचासोबत वीजरोधक सळई आणि अर्थिंगचं सामान येतं. पॅनेल बसवणारी माणसं जायच्या आधी खड्ड्यापाशी उभं राहून तार खरोखर जोडली आहे का ते बघून घ्या. नुसती रोवलेली सळई मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिली आहे.

पाचवी पायरी : तारा आणि डीपी

वीज ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनवर किंवा लाइनच्या नुसती शेजारी पडली, तरी झटका तारेवरून दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतो. पन्नास-साठ मीटरवर पडलेल्या विजेनेही तारांवर लाखाच्या वर व्होल्ट चढू शकतात. डीपीतल्या, म्हणजे गावाजवळ खांबांवर बसवलेल्या, ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरची असा झटका सोसायची ताकद ७५ हजार व्होल्ट असते. हा फरक भरून काढायला ट्रान्सफॉर्मरच्या आधी तिन्ही तारांवर एकेक लाइटनिंग अरेस्टर असतो. आत झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात. त्याही एसपीडीसारख्याच, झटक्यापुरती वाट उघडतात आणि मिटतात. अरेस्टरची खालची तार तुटलेली असेल, चोरीला गेली असेल, तर वाट कुठेच जात नाही आणि झटका ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत शिरतो. डीपी जळाला म्हणून पंधरा दिवस पिकाला पाणी नाही, यामागे बऱ्याचदा एवढीशी तार असते. डीपीला साधारण तीन अर्थिंग असतात : अरेस्टरचं, न्यूट्रलचं, बॉडीचं. जमिनीवर उभं राहून, हात न लावता, या पट्ट्या खाली खड्ड्यापर्यंत अखंड आहेत का ते कुणालाही दिसतं. नसतील तर फोटो काढून वायरमनला द्या आणि १९१२ वर तक्रार नोंदवा.

वीजवाहिनीच्या मोठ्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर एक बारीक तार दिसते, तिच्यात वीजपुरवठा नसतो. ती मनोऱ्यांमार्फत जमिनीला जोडलेली असते आणि वरून येणारी वीज स्वतःवर घेते. मनोऱ्याच्या पायाचा रोध जास्त असला की मनोराच लाखो व्होल्टवर जातो आणि वीज उलटी, मनोऱ्यावरून तारेवर उडी घेते. उपकेंद्र, डीपी, घर, लिंबाचं झाड, सगळीकडे प्रश्न शेवटी जमिनीतल्या त्या काही मीटरचाच असतो.

पहिल्या पावसात लाइट जाते ती दर वेळी विजेने नाही. खांब आणि तार यांच्यामधल्या, उन्हाळाभर तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर गार थेंब पडले की त्याला तडा जातो आणि करंट लोखंडी खांबात उतरतो. वीज कडाडल्यावर दोन सेकंदांत गेलेली लाइट मात्र बहुधा इन्सुलेटरवरून उडालेल्या ठिणगीची. ती ठिणगी विझायला पुरवठा क्षणभर बंद व्हावाच लागतो. ब्रेकर (उपकेंद्रातलं आपोआप पुरवठा तोडणारं यंत्र) ट्रिप होतो तो बिघाड नाही, त्याचं ते काम आहे. यंत्रचालकाला फोन करून लगेच चालू करायचा आग्रह धरू नका, लाइनवर तार तुटून पडलेली असू शकते.

सहावी पायरी : वादळ गेल्यावर

शेतात तार पडलेली दिसली, तर ती मेलेली आहे असं समजू नका. तिच्याभोवतीही जमिनीत तेच तरंग पसरलेले असतात. तुम्ही जवळ पोचला असाल तर ढांगा न टाकता पाय जुळवून, घसटत मागे या. काठीनेही तिला हलवू नका. फ्यूज टाकायला स्वतः डीपीवर चढणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला त्याच्या घरच्यांनी अडवावं.

माणूस किंवा जनावर दगावलं असेल तर घाईने पुरू किंवा जाळू नका. महाराष्ट्रात वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी पोलीस पाटील आणि तलाठ्यांना लगेच कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन व्हावं लागतं, जनावरासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. त्या अकरा शेळ्या संध्याकाळीच पुरल्या गेल्या होत्या, आणि त्या घराला काही मिळालं नाही.

काळ्या रानात मे महिन्यात बोटभर भेगा पडतात. त्याच भेगा अर्थिंगच्या खड्ड्यातही पडतात, माती सळईपासून सुटते आणि रोध कित्येक पटींनी वाढतो. नेमकं त्याच वेळी वळीव येतो. जांभ्या दगडाच्या कोकणात तर रोध मुळातच जास्त. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खड्ड्याचं झाकण उघडा, जोड खरवडून घट्ट करा, गंज असेल तर नटबोल्ट बदला, भेगा मातीने बुजवा आणि चार बादल्या पाणी ओता. पाऊस लागेपर्यंत दर आठ दिवसांनी पुन्हा पाणी घाला.